विमान खोटे आहे, ते तसेच राहू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात पंधरा दिवसांपूर्वी एका वाचकमित्रांनी अशी सूचना केली होती की, जुने नावाजलेले चित्रपट आजच्या मुलांना दाखवायचे असतील तर त्यांतले रंगवलेले डोंगर, पुठ्ठ्याचे महाल आणि तारेवर लोंबणारी विमाने संगणकाच्या मदतीने बदलून घ्यावीत. कारण उघड दिसणारी ही कृत्रिमता रसभंग करते आणि मुले हसतात. पत्र कळकळीने लिहिलेले होते. मुले हसतात हेही खरे आहे. मी ते डोळ्यांनी पाहिले आहे आणि, खोटे कशाला सांगू, त्या हसण्यात थोडाफार मीही सामील होतो. तरीसुद्धा पत्रातला निष्कर्ष मला पटला नाही. तो का पटला नाही हे जरा सविस्तर मांडू द्यावे, ही विनंती.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सावईवेरे गावात काही हौशी मंडळींनी एका संध्याकाळी प्रभातचा 'संत तुकाराम' दाखवला. भिंतीवर पांढरी चादर, टेबलावर प्रोजेक्टर आणि बाहेर पागोळ्यांचा आवाज इतका की सुरुवातीचा अभंग धड ऐकूही आला नाही. माझा भाचा आणि त्याचे तीन-चार मित्र मागच्या बाकावर होते. चित्रपट १९३६ सालचा. पण विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम आणि गौरीबाईंची जिजाई यांनी त्या मुलांना तासभर गप्प बसवले, ही काही लहान गोष्ट नाही. शेवटी तुकोबांना न्यायला गरुडाच्या आकाराचे विमान आले, तेव्हा मात्र मागून खुसखुस ऐकू येऊ लागली. ते विमान कोणा कारागिराने बनवले आहे हे पाहताक्षणी कळते, ते लपवता येण्यासारखे नाही. भाचा पुढे वाकून माझ्या कानात म्हणाला, "मामा, हाचेपरस आमचो नरकासुर बरो." म्हणजे याच्यापेक्षा आमचा नरकासुराचा पुतळा बरा. मला हसू आले.

घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. हाच मुलगा दसरा झाला की रोज रात्री वाड्यावरच्या पोरांबरोबर बांबूच्या कांबी वळवत बसतो, सुके गवत भरून नरकासुराचे हातपाय करतो आणि त्यावर रद्दी खळीने चिकटवतो. (आपले दैनिकही त्या कामी येते, संपादकांनी राग मानू नये.) नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराला आग लागते तेव्हा सगळ्यात मोठ्याने हीच पोरे ओरडतात, आणि आतले गवत कोणी भरले हे त्यांच्याइतके पक्के कोणालाच ठाऊक नसते. म्हणजे वस्तू बनावट आहे हे कळणे आणि तिच्यात रंगून जाणे या दोन गोष्टी एकाच माणसाच्या पोटात सुखाने नांदतात. मग चादरीवरचे विमान पाहून त्याला हसू का यावे? सवय नसल्यामुळे, असे एक सोपे उत्तर आहे. ते बरेचसे बरोबरही आहे, पण पुरेसे नाही.

माझे थोरले काका जत्रांतल्या नाटकांसाठी पडदे रंगवीत असत. मांजरपाटाचे पन्हे शिवून अंगणात ताणायचे, त्यावर खडूच्या भुकटीचा हात द्यायचा आणि सरस उकळून त्यात पेवडी, काव, नीळ कालवायची. त्या सरसाच्या वासाने घरातल्या बायका वैतागत. आभाळ रंगवणे हे सर्वांत कमी कौशल्याचे काम म्हणून ते माझ्याकडे असे. दरबार, महाल, रस्ता, जंगल आणि तुरुंग अशा पाच पडद्यांत आमच्याकडची सगळी ऐतिहासिक आणि पौराणिक नाटके उरकत. जंगलाच्या पडद्यापुढे कधी राम वनवासात जाई, तर कधी मावळे दबा धरून बसत. रात्री माडांच्या बाजूने वारा सुटला की दरबाराचे खांब कमरेत वाकत, छताची झुंबरे एकीकडे कलत आणि बादशहा त्या डुलणाऱ्या दरबारात बसून फर्माने सोडीत राही. त्या वाऱ्याला कोणी हसल्याचे मला आठवत नाही. पण एकदा एक नवखा नट शोकाच्या प्रवेशात रंगवलेल्या खांबाचा आधार घ्यायला गेला, त्याचा हात खांबात शिरला, तोल गेला, आणि अख्खा मांडव हसला. काका मागे उभे होते. ते एवढेच पुटपुटले, "खांब कशाला धरायला गेला मेला?"

माझे सारे म्हणणे त्या पुटपुटण्यात आहे. खांब खोटा होता म्हणून कोणी हसले नव्हते. नटाने त्या खांबाशी जे नाते जोडले ते खोटे पडले, तिथे लोक हसले. चित्रपटातही मी आता हेच तपासून पाहतो: वस्तू खोटी असेल तर असो, तिच्यासमोरचा माणूस तिच्याशी खरा वागतो आहे की नाही?

या कसोटीवर तुकोबांचे विमान मला खोटे वाटत नाही. तुकाराम निघाला आहे आणि जिजाई जमिनीवर आहे. जिने साऱ्या चित्रपटभर चुलीची, पोरांची आणि रिकाम्या मडक्यांची चिंता वाहिली, ती बाई आता वर बघते आहे. त्या बघण्यात लबाडी नाही. विमानाचे पंख कशाचे केले आहेत हा प्रश्न तिच्या चेहऱ्याकडे पाहताना पडत नाही. तो पडतो फक्त विमानाकडे पाहताना, आणि भाचा नेमका तिकडे पाहत होता. या ठिकाणी संगणकाने पिसा-पिसांचा खराखुरा गरुड उतरवला तर काय होईल? सगळी नजर गरुडावर जाईल आणि जिजाई गर्दीतली एक बाई होऊन बसेल.

प्रभातच्या मंडळींना खरेखोटे कळत नव्हते, असा समज त्या पत्रात दडलेला दिसतो. वस्तुस्थिती उलटी आहे. 'संत तुकाराम'चे दोन दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल हे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, आणि बाबूराव व त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव हे मुळात नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे कलावंत. त्याच बाबूरावांनी १९२५ साली 'सावकारी पाश'मध्ये कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची कहाणी इतक्या वास्तव रीतीने मांडली की भारतीय वास्तववादी चित्रपटाची चर्चा आजही तिथून सुरू होते. पडदा रंगवणारा हात आणि सावकाराच्या वहीतला अंगठा दाखवणारा डोळा एकाच माणसाचे होते. पागनिसांचेही तसेच. तुकारामाचे ते निर्मळ डोळे ज्यांचे आहेत, त्यांनी त्याआधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या होत्या. त्याही मागे गेले तर दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये, म्हणजे १९१३ साली, तारामती झाले होते अण्णा साळुंके. आणि १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये रामही तेच आणि सीताही तेच. फाळक्यांनी तर १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये आपली चिमुरडी मुलगी मंदाकिनी हिला आरंभी तिच्याच रूपात निरनिराळे भाव दाखवताना पडद्यावर आणले आणि मग तिचा कृष्ण केला. ही माझी पोर आहे, आता ती कृष्ण होणार आहे, असे आधी सांगून टाकायचे आणि मग प्रेक्षकाने हात जोडावेत इतका कृष्ण उभा करायचा, ही हिंमत आजच्या संगणकवाल्यांत मला दिसत नाही. आमच्या पेडण्याकडच्या दशावतारात एकच लाकडी बाकडे कधी सिंहासन होते आणि कधी डोंगर, त्या परंपरेला हे शोभेसेच आहे.

परदेशी चित्रपटांचे उदाहरण दिल्याशिवाय काही वाचकांचे समाधान होत नाही, म्हणून दोन देतो. १९४७ चा 'ब्लॅक नार्सिसस' हिमालयातल्या ख्रिस्ती जोगिणींच्या एका मठाची गोष्ट सांगतो आणि त्यातला हिमालय इंग्लंडच्या पाइनवूड स्टुडिओत रंगवलेला आहे. कड्याखालची हजारो फुटांची दरी, ढग, बर्फाची शिखरे, सारे कुंचल्याचे काम, बव्हंशी चित्रकार पर्सी डे यांच्या देखरेखीखालचे. या चित्रपटाच्या कलादिग्दर्शनाला आणि छायालेखनाला ऑस्कर मिळाले. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा दरी रंगवलेली आहे हे मला लगेच कळले, पडदेवाल्याच्या घरचा मुलगा असल्यामुळे असेल. तरी शेवटी कड्यावरच्या घंटेच्या दोरीला जोगीण लोंबकळते तेव्हा तिच्या बोटांची ती आवळलेली पकड पाहून माझ्या तळव्यांना घाम आला. दरी खोटी आणि बोटे खरी. भीती बोटांतून येते. दुसरे उदाहरण १९३३ च्या 'किंग काँग'चे. तो अवाढव्य वानर म्हणजे साधारण दीड फुटाची बाहुली. तिचा हात इवलासा हलवायचा, एक चित्र घ्यायचे, पुन्हा हलवायचा, आणि अशी चोवीस चित्रे झाली की एक सेकंद पुरा व्हायचा. विलिस ओब्रायन आणि त्यांच्या साथीदारांची बोटे प्रत्येक वेळी बाहुलीच्या सशाच्या कातड्याला लागत, त्यामुळे पडद्यावर काँगचे केस सतत विस्कटताना दिसतात. ही निव्वळ चूक. पण ते विस्कटणारे केस पाहताना अंगावर वारा घेणारे, श्वास घेणारे जनावर समोर आहे असे वाटते, आणि कारागिराचा हातही त्याच क्षणी दिसतो. हे केस संगणकाने चापून बसवले तर दोन्ही जातील.

आता जे मला खुपते तेही सांगितले पाहिजे, नाहीतर हे पत्र जुन्याच्या भक्तीत लिहिले आहे असे वाटेल. जुन्या हिंदी आणि इंग्रजी चित्रपटांत मोटार चालवतानाची दृश्ये असतात, ज्यांत गाडी स्टुडिओत उभी असते आणि मागच्या पडद्यावर पाठीमागून रस्त्याचे चित्रण सोडलेले असते. बॅक प्रोजेक्शन म्हणतात त्याला. रस्ता सरळ जातो आणि नायक सुकाणू डावी-उजवीकडे फिरवत राहतो; गाडी खड्ड्यांतून जाते आणि नायिकेचा केसही हलत नाही. हे मला सहन होत नाही, कितीही थोर दिग्दर्शकाने केलेले असो. हिचकॉकचा 'मार्नी' हा १९६४ चा चित्रपट या वादात नेहमी येतो. त्यात गल्लीच्या टोकाला एक भलेमोठे जहाज सरळसरळ रंगवलेले आहे, आणि नायिका घोड्यावर बसून दौडते ती दृश्ये बॅक प्रोजेक्शनची आहेत. हिचकॉकचे चाहते म्हणतात की हे सारे मुद्दाम केलेले आहे, नायिकेचे बिथरलेले मन त्यातून दिसते. जहाजापुरते मी मान्य करतो. ते आमच्या रस्त्याच्या पडद्यासारखे गल्लीच्या शेवटी गुमान उभे आहे, कोणी त्याला टेकायला जात नाही आणि त्याचे तिथे असणे मनावर दडपण आणते. घोड्याचे मात्र मला पटत नाही. घोड्यावर बसलेल्या माणसाच्या कमरेला घोड्याची चाल कळलेली असते. इथे ती कळलेली नाही. हा खांबात शिरलेला हात आहे आणि त्याला मनोविश्लेषणाची झालर लावून उपयोग नाही.

याउलट, न दिसणारी कृत्रिमता म्हणजे कृत्रिमतेचा अभाव, असाही एक गैरसमज आहे. सत्यजित राय यांचा 'अपराजितो' (१९५६) वास्तवाचा नमुना म्हणून दाखवतात, आणि तो आहेच. पण त्यातले बनारसच्या घराचे अंगण कोलकात्याच्या स्टुडिओत कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी उभे केलेले आहे. अशा अरुंद अंगणात वरून येणारा उजेड मऊ, सावली न पाडणारा असतो. तो आणण्यासाठी छायालेखक सुब्रत मित्र यांनी अंगणावर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा प्रकाश त्यावर मारून खाली परतवला. कृत्रिम कापडाखालचा तो उजेड इतका खरा आहे की आजही पाहणाऱ्याला बनारसच्या सकाळचा गारवा जाणवतो. थोडक्यात, राय यांनी कापड लपवले आणि प्रभातने विमान दाखवले. दोघांनीही माणूस मात्र खोटा पडू दिला नाही.

आणि हा मुद्दा आम्हा गोमंतकीयांना इतरांपेक्षा लवकर कळायला हवा. गेल्या कित्येक दशकांत किती हिंदी चित्रपटांचे चित्रीकरण आमच्याकडे झाले! समुद्र खरा, चर्च खरे, माड खरे, दोनापावलाचा धक्काही खरा. त्यांत रंगवलेले काहीच नाही. आणि त्या खऱ्याखुऱ्या गोव्यात वावरणारी माणसे कशी, तर ज्यांना दुपारी बाटली, संध्याकाळी गिटार आणि बारमाही सुट्टी आहे, जी शेतात उतरत नाहीत, मासळीचा भाव करत नाहीत आणि एक विशिष्ट हेल काढून हिंदी बोलतात. आमच्या फोंडा महालातल्या देवळांचा, भजनांचा, नाटकांचा गोवा तर त्यांच्या गावीही नाही. अशा चित्रपटांत एक खिळासुद्धा खोटा नसतो, तरी मला तो सगळा देखावा 'संत तुकाराम'च्या विमानापेक्षा कितीतरी जास्त बनावट वाटतो. संगणकाने दुरुस्त करायचेच असेल तर वाचकमित्रांनी इथून सुरुवात करावी, पण हे दुरुस्त करणारे यंत्र अजून निघालेले नाही.

दुरुस्तीचा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही, हे मला कबूल आहे. ओरखडे काढणे, फाटलेली चौकट सांधणे, आवाजातली खरखर कमी करणे याला कोणाचाच विरोध नसावा. अडचण पुढे येते. १९५३ च्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये मंगळावरची याने तारांवर टांगलेली होती. त्या काळच्या टेक्निकलर प्रतींच्या गडद, मऊ चित्रात त्या तारा सहसा लक्षात येत नसत. पुढे उजळ आणि धारदार आवृत्त्या निघाल्या तेव्हा त्या ठळक दिसू लागल्या, आणि अलीकडच्या जीर्णोद्धारात त्या पुसण्यात आल्या. इथे पुसणे म्हणजे मूळ प्रेक्षकाने पाहिले तेच पुन्हा दाखवणे, असे म्हणता येते. म्हणजे जुन्या चित्रपटांतली काही कृत्रिमता आपल्या नव्या यंत्रांनीच उघडी पाडली आहे, आणि तिचे पाप जुन्या कारागिरांच्या माथी मारणे बरे नव्हे.

'मुघल-ए-आझम'चे उदाहरण मात्र दुसऱ्या टोकाचे. १९६० साली तो बराचसा कृष्णधवल होता आणि काही भागच रंगीत. करड्या सावल्यांत बराच वेळ काढल्यावर शीशमहालातल्या गाण्याला एकदम रंग फुटे आणि हजार आरशांत अनारकली दिसू लागे, तेव्हा थिएटरात जो उसासा उठत असे त्याचे वर्णन मी आईच्या तोंडून ऐकले आहे. २००४ साली सगळाच चित्रपट रंगवून प्रदर्शित झाला. काम कष्टाचे होते, शंका नाही. पण पहिल्या दृश्यापासून सगळेच रंगीत झाल्यावर शीशमहाल हा आणखी एक महाल झाला. रंग वाढले आणि रंगाचा तो एक क्षण गेला. आईने ती नवी प्रत पाहिली आणि अर्ध्यातच विचारले, "तो आरशांचा महाल येऊन गेला काय रे?"

तेव्हा माझी मागणी लहानशी आहे. आपल्याकडे दर नोव्हेंबरात पणजीला महोत्सव भरतो, त्यात जुने चित्रपट नव्याने सजवून दाखवले जातात. गावोगावची मंडळेही आता प्रोजेक्टर भाड्याने आणून खेळ लावू लागली आहेत. जिथे कुठे अशी प्रत दाखवली जाईल तिथे ती केवळ स्वच्छ केलेली आहे, रंगवलेली आहे, की तिच्यातले काही बदललेले आहे, हे दारावरच्या फलकावर दोन ओळींत लिहावे. शक्य असेल तेव्हा मूळ प्रतच दाखवावी. आमच्या गावात पुढचा खेळ दसऱ्यानंतर आहे. भाच्याने येण्याचे कबूल केले आहे, मात्र नरकासुराचे काम रात्री नऊला सुरू होते, म्हणून त्याने खेळ सहाला लावायला सांगितला आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक,
सावईवेरे, फोंडा, गोवा